भाषणातला विनोद का फसतो? या चुका टाळा

कागदावर वाचताना हसू येतं, पण व्यासपीठावर तोच विनोद पडतो. बहुतेक वेळा दोष विनोदाचा नसतो. मांडणी, श्वास नाहीतर घाई नडते, आणि या तिन्हींवर सरावाने ताबा मिळवता येतो.

गंमत आधीच फोडणे

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. "अध्यक्ष न आल्यामुळे सभा अगदी वेळेवर सुरू झाली." इथे कारण आधीच कळलं, श्रोत्याला ताडायला काही उरलं नाही. आता हे म्हणून पाहा: "सभा अगदी वेळेवर सुरू झाली. अध्यक्ष आलेच नव्हते." दोन वाक्यांच्या मध्ये एक सेकंद थांबा. तेवढ्यात श्रोता मनाशी काहीतरी धरून बसतो, पुढचं वाक्य ते मोडतं आणि हशा तिथे फुटतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून लांब वाक्यात कळीचा शब्द पोटात दडतो. अशी वाक्यं फोडून दोन करा. शेवटचं तीन-चार शब्दांचंच ठेवा.

शेवटचे शब्द गिळणे

नेमक्या याच शब्दांवर श्वास संपतो, नजर कागदावर जाते आणि तोंड माइकपासून वळतं. हातातला माइक १०-१५ सेंटीमीटरवर धरा. श्वास घ्या, नजर उचला, मग बोला. पुढच्या रांगा हसल्या आणि मागच्या गप्प राहिल्या, तर आधी शंका घ्यायची ती ऐकू न गेल्याची.

हशावर बोलणे

हशा चढत असताना गप्प राहा. तो ओसरू लागला की पुढचं वाक्य घ्या. पूर्ण शांततेची वाट पाहिलीत तर सभा गार पडते. कोणी हसलंच नाही तर विनोद समजावून सांगू नका, सरळ पुढे जा. त्यासाठी तयारीतच एक कसोटी लावा: हा विनोद काढला तर मुद्दा लंगडा पडतो का? पडत असेल तर हशा न येताही तो उदाहरण म्हणून कामी येईल. नसेल पडत, तर गाळा. "आता एक गंमत सांगतो" ही प्रस्तावनाही गाळा.

वचनांची रास

दहा मिनिटांत एक वचन पुरे. सांगण्याआधी ते कोणाचं आहे हे तपासा. "तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन" या आशयाचं वाक्य सर्रास फ्रेंच विचारवंत व्होल्तेअरच्या नावावर खपतं. ते लिहिलं इंग्रज लेखिका एव्हलिन बिअट्रिस हॉल यांनी, १९०६ साली, व्होल्तेअरची वृत्ती सांगताना. आणि नाव आधी घ्या, वचन नंतर. नाव शेवटी आलं की सगळा जोर नावावर जातो.

वेळ न मोजणे

१९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेत गेटिसबर्गला, सैनिकांच्या दफनभूमीच्या समारंभात, नामवंत वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले, त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष लिंकन सुमारे २७० शब्द. तुम्ही दोन मिनिटांत गाभ्याच्या जितके जवळ गेलात तितकं मला दोन तासांत जमलं असतं तर समाधान वाटलं असतं, असं एव्हरेट यांनीच दुसऱ्या दिवशी लिंकनना कळवलं.

दहा मिनिटं मिळाली असतील तर आठ मिनिटांचं लिहा. उरलेली दोन हशात, टाळ्यांत आणि थांब्यांत जातात. सराव मनात नको, मोठ्याने आणि घड्याळ लावून करा. वेळ कमी पडल्यास कोणतं उदाहरण सोडायचं, त्यावर कागदात आधीच खूण करा. ते मधलं असावं. शेवटाला हात लावू नका.