महेश्वरला ड्रोन, पण घरच्यांना न ताटकळवता

इंदूरहून महेश्वर सुमारे ९० किलोमीटर. ड्रोनसाठी तिथे फक्त पंचवीस मिनिटं राखा, तीही सकाळी, घरचे पोहे-जिलबी खात असताना. वारा कमी असतो आणि घाटावर गर्दी जमलेली नसते. घाट नर्मदेच्या उत्तर तीरावर असल्यामुळे हिवाळ्यात नदीवरून किल्ल्याकडे बघताना ऊन पाठीमागून येतं.

वेळ खातात ती कामं आदल्या रात्रीच उरका: फर्मवेअर अपडेट, मेमरी कार्ड रिकामं करणं, नकाशा ऑफलाइन उतरवणं. घाटावर उभं राहून अपडेट डाउनलोड करत बसलात, की मुलं कंटाळलीच म्हणून समजा. 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात तो भाग हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा, आहे का, तेही आदल्या रात्रीच बघा. हिरव्या भागात मर्यादा ४०० फूट. शिवाय स्थानिक परवानगी विचारून घ्या.

नावेतून ड्रोन उडवू नका. नाव पुढे सरकते, पण 'होम पॉइंट', म्हणजे ड्रोनने परतायला लक्षात ठेवलेली उड्डाणाची जागा, मागेच पाण्यावर राहतो. बॅटरी उतरली की ड्रोन तिथेच परत येऊन नदीत उतरतो. लोखंडी कठड्याजवळही नको, कंपास बिघडतो. ड्रोन आपोआप परततो ती उंची किल्ल्याच्या बुरुजांपेक्षा जास्त ठेवा. पाण्यावर चार-पाच मीटरच्या खाली जाऊ नका: हलत्या लाटांमुळे खालचे सेन्सर फसतात.

आधी किल्ल्याचा रुंद शॉट, मग घाटाच्या पायऱ्या सरळ वरून, माणसं टाळून. बस्स. ३० टक्के बॅटरी उरली की उतरवा. दुसरी बॅटरी गाडीतच ठेवा, नाहीतर मोह होतो.