विंडोज नव्याने टाकताय? आधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट बंद झाले. तेव्हापासून माझ्या टेबलावर एकाच प्रकारची मशीन येतायत. घरी कुणीतरी हौसेने ‘अकरा’, म्हणजे विंडोज ११, टाकायला घेतलेलं असतं आणि गाडी मध्येच अडलेली असते. सांगलीत विश्रामबागला पंधरा वर्षं मी हेच काम करतोय. पेनड्राइव्ह लावून ‘नेक्स्ट’ दाबत जाणं कुणालाही जमतं. त्याआधी दहा मिनिटं बसून मशीनमध्ये काय कुठे आहे ते बघायचं असतं, आणि नेमका तेवढा धीर कुणाला नसतो.

‘सगळं डी ला आहे’

नव्याने टाकताना विंडोज असलेला सी ड्राइव्ह पुसला जातो, म्हणून लोक सांगतात की आपलं सगळं डी ड्राइव्हला आहे. हे वाक्य मी रोज ऐकतो आणि त्यावर कधीच विश्वास ठेवत नाही. डी ला असतात जुने फोटो आणि गाणी. रोजचं काम पडलेलं असतं डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये, डॉक्युमेंट्समध्ये, म्हणजे सी मध्ये. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाही कुणी मुद्दाम हलवला नसेल तर बहुतेक सी मध्येच सापडतो.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातली गोष्ट. ऐन मार्चमध्ये मालकांच्या भाच्याने दुकानाचा कॉम्प्युटर फास्ट करायला घेतला. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हुशार. २५६ जीबीची नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली आणि जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क तशीच जोडलेली ठेवली. सेटअपच्या स्क्रीनवर सी, डी ही अक्षरं दिसत नाहीत. दिसतं ते ड्राइव्ह ०, ड्राइव्ह १ आणि त्यांची पाच-सहा पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग. आकडेही ओळखीचे नसतात. ५०० ची डिस्क ४६५ च्या आसपास दिसते आणि २५६ ची २३८, कारण डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने. त्यात जीपीटी-एमबीआरचा, म्हणजे डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायच्या पद्धतीचा, एरर आला. पोराने मोबाइलवर व्हिडिओ शोधला. त्यात सांगितलं होतं, सगळी पार्टिशन डिलीट करा. त्याने केली, दोन्ही डिस्कची.

इथवरही बरंच वाचलं असतं. पार्टिशन डिलीट केलं की गोदामाच्या दारावरची पाटी उतरते, माल आतच असतो. डिस्क तशीच काढून आणली असती तर टेस्टडिस्क हे हरवलेली पार्टिशन शोधणारं सॉफ्टवेअर चालवून पार्टिशन परत उभं करता आलं असतं. पण विंडोज सुरू झाल्यावर जुनी डिस्क रिकामी दिसली, म्हणून त्याने ती फॉरमॅट केली आणि वर मामांचे मोबाइलमधले फोटो तिच्यात भरले. माझ्याकडे आली तेव्हा फाइली निघाल्या, पण नावं आणि फोल्डर गेलेले. टॅलीचा डेटा म्हणजे एक फाइल नसते. कंपनीच्या नंबराच्या फोल्डरमध्ये कितीतरी फाइली असतात आणि त्या सगळ्या एकमेकींच्या आधाराने चालतात. बिननावाच्या तुकड्यांतून हिशेब उभा राहिला नाही. दिवाळीतला एक बॅकअप पेनड्राइव्हवर सापडला. तिथून मार्चपर्यंतच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, दोन दिवाणजींनी अकरा दिवस बसून पुन्हा चढवल्या. पोरगा रोज कॉलेज सुटलं की त्यांच्या शेजारी बसून आकडे वाचून दाखवायचा. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून माझा नियम आहे. ज्या डिस्कवर विंडोज टाकायचं ती सोडून बाकी सगळ्यांची केबल मी उपसतो. स्क्रीनवर एकच डिस्क दिसली तर चुकीची पुसणार कशी? आणखी एक फायदा आहे. दोन्ही जोडलेल्या असल्या की सेटअप कधीकधी मशीन सुरू करणारं बूट पार्टिशन जुन्या डिस्कवर टाकतं, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन उठतच नाही. बॅकअप मी दोन ठिकाणी घेतो आणि त्यातल्या चार-पाच फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघतो. कॉपी झाली म्हणजे फाइल उघडेलच असं नाही.

अलीकडच्या लॅपटॉपला हात लावण्याआधी एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप, चालू आहे का ते बघा. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बदल केला किंवा विंडोज नव्याने टाकलं, की डी ड्राइव्हसुद्धा ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुतेक वेळा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते आणि त्या अकाउंटचा पासवर्ड कुणालाच आठवत नसतो. ही की मी आधी शोधून वहीत लिहून घेतो. की मिळाली नाही, तर डेटा बाहेर काढेपर्यंत काम सुरूच करत नाही.

मराठी फाइली ‘खराब’ झाल्या

तासगावच्या एक निवृत्त बाई रडकुंडीला येऊन बसल्या होत्या. गावातल्या ओव्या, उखाणे, जात्यावरची गाणी त्यांनी वर्षानुवर्षं टाइप केली होती. फॉरमॅटनंतर फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. ज्याने फॉरमॅट मारलं तो म्हणाला, व्हायरस आहे, डिलीट करा. डिलीट! फाइल ठणठणीत होती, फक्त फॉन्ट गेला होता. श्री-लिपी, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी दिसेल अशा पद्धतीत, नसतो. तो फॉन्ट मशीनमध्ये असेल तरच मराठी दिसते. म्हणून सी पुसण्याआधी विंडोजमधलं ‘फॉन्ट्स’ फोल्डर मी अख्खं कॉपी करतो आणि सॉफ्टवेअरची सीडी आणि ते चालवायला यूएसबीत लावायची किल्ली, म्हणजे डोंगल, कुठे आहे ते विचारतो. बाईंचा फॉन्ट त्यांच्या भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर मिळाला. मग तो सगळा मजकूर युनिकोडमध्ये करून दिला. तुमच्याकडे असं काही असेल तर तेही आत्ताच करून घ्या.

बाकीच्या चुका थोडक्यात. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो आणि तो पूर्ण पुसला जातो, लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. पहिल्या रीस्टार्टनंतर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तर पेनड्राइव्हवरूनच बूट होतंय, तो काढा. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर सेटअपला डिस्कच दिसत नसेल तर ती मेलेली समजू नका, बहुतेक वेळा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर, म्हणजे डिस्क ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, द्यावा लागतो. या गैरसमजातून नवी एसएसडी घेतलेली तीन माणसं मला भेटलीत. वायफाय सापडत नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिथरिंग करा, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट मशीनला मिळेल. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर यूपीएसशिवाय काम सुरू करू नका. आणि ‘क्रॅक’, म्हणजे विकत न घेता चोरून चालणारं विंडोज, टाकून द्या म्हणणाऱ्याला मी नाही म्हणतो, कारण ते चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता.

इंटेलच्या सातव्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या बहुतेक मशीनना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्यांच्यावर युक्त्या करून ‘अकरा’ चढवायला मला आवडत नाही. विंडोज १० ला नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, तोवर थांबता येतं. नुसतं इंटरनेट, मेल आणि मुलांचा अभ्यास असेल तर एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाका, छान चालतं. टॅली किंवा जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर मात्र मिंटकडे वळू नका, ती तिथे थेट चालत नाहीत.