सी कयाकिंगचं प्रगत प्रशिक्षण: आधी तक्ता, मग वल्हं

मालवण-गोव्याला सिट-ऑन-टॉप (वर उघड्यावर बसायची) कयाक चालवलेली आणि आता नोकरी-शिक्षणासाठी ब्रिटनला आलेली मंडळी हमखास विचारतात, ‘खुल्या समुद्राचं अ‍ॅडव्हान्स्ड ट्रेनिंग करायचंय, दंड किती कमवायला लागतील?’ बेताचे पुरतात. मी हे प्रशिक्षण वेल्सच्या अँगल्सी बेटावर घेतलं, आणि माझा सगळ्यात जास्त घाम निघाला तो तिथल्या होलिहेड बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर.

कारण सोपं आहे. सी कयाक दिवसभर चालवायची तर वेग तीन-साडेतीन नॉट, म्हणजे ताशी तितके सागरी मैल. याच बेटावरच्या पेनरिन मॉरच्या टोकाजवळ उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांत प्रवाह पाच नॉटच्या पुढे जातो. कितीही जोर लावा, उलटे मागेच जाल. तिथून कधी जायचं हे समुद्र ठरवतो आणि तो ते आधीच छापून देतो, म्हणून तक्ता वाचायला शिकायचं. होलिहेडला उधाणाला पाणी साधारण पाच मीटर चढतं, भांगाला (लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत) त्याच्या निम्मं. चढतं तेही सारखं नाही. ढोबळ हिशोब असा, की सहा तासांपैकी पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं, आणि जोरही साधारण तेव्हाच असतो. शिवाय बरेच छापील तक्ते ग्रीनिच वेळेत असतात, उन्हाळ्यात एक तास मिळवायचा. पाणी पूर्ण भरलं म्हणजे प्रवाह थांबला, असंही धरून चालायचं नाही. तो किनाऱ्यापासून दूर वेगळ्याच वेळी फिरतो. या सगळ्या वेळा चिनाग्राफ (ओल्यावरही उमटणाऱ्या मेणाच्या) पेन्सिलीने कयाकच्या डेकवर, म्हणजे वरच्या पृष्ठभागावर, डोळ्यांसमोर लिहून ठेवतात. ओल्या हाताने फोन उघडत बसायला तिथे सवड नसते.

आता पात्रता. पॅडल यूके (2024 पर्यंतचं नाव ब्रिटिश कनूइंग) या संस्थेच्या सी कयाक लीडर पातळीवर प्रवाह दोन नॉटपर्यंत, वारा बोफर्ट या वाऱ्याच्या मोजपट्टीवर 4 पर्यंत आणि किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांपर्यंत अशी चौकट असते. प्रगत प्रशिक्षण सुरू होतं ते त्याच्या पलीकडे. त्यामुळे तलावात येणारा रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच सुलटी करणं, कामाचा नाही. लाटेत, वाऱ्यात, दोन्ही बाजूंनी रोल यायला हवा, आणि नाहीच जमला तर पाण्यातूनच कॉकपिटमध्ये (बसायच्या खाचेत) शिरून रोल मारता यायला हवा. सिट-ऑन-टॉपवरच्या अनुभवाला इथे कुणी फारसं विचारत नाही. वाईट वाटतं, पण ते बरोबरच आहे.

पोर्थ डाफार्चच्या छोट्या किनाऱ्यावरून निघायचं. पाण्यात उतरण्याआधी प्रशिक्षक प्रत्येकाच्या स्प्रे डेकचा (कमरेभोवती बांधून कॉकपिट झाकणाऱ्या कापडाचा) पुढचा पट्टा बोटाने उचलून बघतात. तो आत दुमडून राहिला तर उलटं झाल्यावर बाहेर कसे पडणार? मग भरतीबरोबर पश्चिमेकडे पेनरिन मॉर. शांत दिवशीही तिथे खडकांच्या कण्यावरून पाणी उकळल्यासारखं उठतं. प्रवाह आणि निवांत पाणी यांच्या सीमारेषेवर कयाक कलवून आत शिरायचं, टोक प्रवाहाकडे तिरकं धरून सरकत पलीकडे जायचं. खाडीतून उतारू नेणाऱ्या आपल्या होडीवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

खरी परीक्षा कुणीतरी उलटल्यावर होते. आधी माणूस, मग कयाक. त्याचा हात तुमच्या डेकलाइनवर (कयाकच्या कडेच्या दोरीवर) आला याची खात्री करायची. त्याच्या उलट्या कयाकचं टोक आपल्या डेकवर ओढून घ्यायचं, म्हणजे कॉकपिटमधलं पाणी निघून जातं. सुलटी करून शेजारी लावायची, टोक-शेपूट उलटसुलट. तिच्यावर अंग टाकून ती घट्ट धरायची आणि मग त्याला टाच आत अडकवून चढायला सांगायचं. लिहायला सोपं आहे. पण पाच नॉटच्या प्रवाहात दोन मिनिटं लागली तर या वेळात तुम्ही दोघं तीनशे मीटर वाहून गेलेला असता. म्हणून तिसऱ्याने टो-लाइन (ओढायची दोरी) लावून दोघांना खडकांपासून दूर ओढत राहायचं. हा तिसरा माणूस होणं मला सगळ्यात अवघड वाटलं, कारण मदतीला धावायची ऊर्मी दाबून खडकांवर नजर ठेवायची असते.

दुपारी प्रवाह दक्षिणेकडे फिरतो. त्यात नैर्ऋत्येचा वारा असला, की साउथ स्टॅकच्या दीपगृहाखालच्या लाटा आखूड आणि उभ्या होतात. सकाळी जिथे हसत गेलो तिथे दुपारी जायचं नाही, हे प्रशिक्षक बोलून दाखवत नाहीत. तुम्हालाच विचारतात, ‘आता काय करायचं?’ आणि गप्प बसतात.

थंडीला कमी लेखू नका. पाणी मार्चमध्ये आठ अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासच आटोक्यात राहत नाही, आणि हाताची बोटं कामातून जायला फार वेळ लागत नाही. ड्रायसूट हवाच, पण पहिल्यांदा भाड्याने घ्या. व्हीएचएफ रेडिओ अंगावरच्या जॅकेटमध्ये ठेवा, कयाकमध्ये नको. कयाक हातची गेली तर रेडिओही जातो. चॅनेल 16 या संकटकाळच्या वाहिनीवर कोस्टगार्डशी कसं बोलायचं ते आधी घरी मोठ्याने म्हणून बघा. संकटात इंग्रजी अडखळतंच.

तारखा ठरवताना घरचं पंचांग उपयोगी पडतं. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण, अष्टमीनंतर भांग. पहिला कोर्स भांगाच्या आठवड्यात घ्या, तंत्र नीट बसेल. दुसरा मुद्दाम उधाणात, सप्टेंबरमध्ये घ्या. तेव्हा पाणी चौदा-पंधरा अंशांवर असतं आणि विषुवदिनाच्या आसपासची उधाणं वर्षातली सगळ्यात मोठी असतात.