कसाव्याची काढणी : लागेल तेवढाच उपटा

गेल्या मे महिन्यात वरकस जमिनीवर, परसात लावलेला कसावा म्हणजे साबुकंद आता नऊ-दहा महिन्यांचा होत आला. खालची पानं पिवळी पडून गळू लागली आणि बुंध्याजवळची माती भेगाळली की कंद भरला समजा. ‘श्री जया’, ‘श्री विजया’ या जाती सहा-सात महिन्यांच्या. त्या अजून उभ्या असतील तर आता थांबू नका. ‘एम-4’ मात्र दहा महिने घेते आणि चवीला तीच सरस.

सगळं वावर एकदम उपटू नका. हा कंद जमिनीत महिनाभर सहज तग धरतो, बाहेर आला की दोन-तीन दिवसांतच आतून निळ्या-काळ्या रेषा धरतो. व्यापारी ठरलेला नसेल तर रोजच्या गरजेपुरतीच झाडं काढा. फार लांबवलंत तर कंद दोऱ्याळ होतात, आणि उंदीर-घुशी, रानडुकरं आहेतच.

जांभ्याची जमीन फेब्रुवारीत दगडासारखी होते. आदल्या दिवशी बुंध्याशी पाणी द्या, खोड वीतभर ठेवून कोयत्याने तोडा, पहारीने बाजूची माती सैल करून मग ओढा. कुदळ लागलेला कंद त्याच दिवशी शिजवा. अखंड कंद ओलसर वाळूत पुरून ठेवले तर आणखी काही दिवस टिकतात.

बेण्याची निवड काढणीआधीच करा. ज्या झाडांची पानं फिकट पिवळी, चट्ट्यांची, मुरडलेली होती, त्यांना मोझॅक हा विषाणूजन्य रोग आहे. पांढरी माशी तो पसरवते आणि बेण्यातून तो पुढच्या वर्षी तुमच्याच शेतात येतो. कितीही जाड खोड असलं तरी ते बेण्याला नको. निरोगी खोडं तुकडे न करता, जुडी बांधून, सावलीत उभी ठेवा. मधूनमधून खवले कीड बघत जा. पंधरा-वीस सेंटिमीटरच्या कांड्या लागवडीच्या वेळीच करायच्या, शेंड्याकडचा कोवळा भाग टाकून.

आता खाण्याचं. कसाव्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, सालीत जास्त. चाकूने उभी चीर देऊन वरची तपकिरी आणि आतली जाड अशा दोन्ही साली एकदम सोला. लहान तुकडे करून भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता उकळा आणि ते पाणी ओतून द्या. कच्चा खाऊ नका. कडू लागला तर सरळ टाकून द्या. 1942 मध्ये ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला तेव्हा त्रावणकोरने याच कंदावर दिवस काढले. केरळात आजही तो ओलं खोबरं, जिरं, हिरवी मिरची, हळद घालून घोटतात आणि तारलीच्या कालवणाशी खातात. नुसत्या पिठूळ कंदात प्रथिनं नावालाच असतात, म्हणून सोबत मासळी किंवा डाळ हवीच.

ताजा पाला आणि साली गोठ्यात टाकू नका, गुरं दगावतात.

उरलेल्या कंदांच्या चकत्या अर्धवट उकडून, निथळून कडक उन्हात खुळखुळीत वाळवा. पावसाळ्यात रात्रभर भिजत घातल्या की शिजायला तयार. मळभ असेल त्या दिवशी मात्र हे काम काढू नका, चकत्यांना लगेच बुरशी येते.