मॉरिशसमध्ये डोलपुरी खायची आहे? मग या चुका टाळा

पहिल्या खेपेला मी पोर्ट लुईच्या, म्हणजे मॉरिशसच्या राजधानीच्या, बाजारात पोचले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. सकाळ समुद्रावर गेली, जेवण हॉटेलात उरकलं आणि डोलपुरी, म्हणजे आत डाळ भरलेली तिथली पातळ पोळी, संध्याकाळच्या खाण्यासाठी राखून ठेवली. गाडीवाला रिकामा डबा धुवत होता. "फिनी," एवढंच म्हणाला. संपली. दुसऱ्या दिवशी माझं परतीचं विमान होतं. ज्या पदार्थासाठी इतकी वाट पाहिली तो न खाताच परतले, याची हळहळ पुढची खेप होईपर्यंत गेली नाही.

म्हणून सर्वांत मोठी चूक आधी सांगते: डोलपुरी संध्याकाळवर ढकलू नका. हे तिथल्या कामावर जाणाऱ्या माणसांचं सकाळचं आणि दुपारचं खाणं आहे. पुऱ्या पहाटे लाटून, तव्यावर भाजून, कापडात गुंडाळून डब्यात रचलेल्या असतात. डबा रिकामा झाला की विक्री संपली. सकाळी दहा ते दुपारी बारा ही वेळ धरा. त्या दिवशी हॉटेलचा भरपेट नाश्ता टाळता आला तर फारच छान, कारण पोटात जागा हवी. रविवारी दुपारनंतर पोर्ट लुईचा बाजार थंडावतो, तोही बेत नको.

दुसरी चूक म्हणजे ती रिसॉर्टमध्ये शोधणं. ग्रां बे किंवा फ्लिक आं फ्लाक अशा किनाऱ्यांवर उतरलेली मंडळी बुफेतली डोलपुरी खातात आणि "काही विशेष नाही" म्हणत परततात. मला याचं फार वाईट वाटतं. तिथे ती तासभर उघड्यावर पडून वातड झालेली असते. बाजारपेठेच्या गावात जा: पोर्ट लुईचा मध्यवर्ती बाजार, रोझ हिल, कात्र बोर्न, सोमवारी माहेबूरचा बाजार. पोर्ट लुईहून रोझ हिलला मेट्रोने जाता येतं. ज्या गाडीपुढे ऑफिसची माणसं रांग लावून उभी असतील, तिथे आपणही उभं राहायचं. अशा गाडीवर डबे भराभर रिकामे होतात, त्यामुळे पुरी ताजी मिळते. खिशात मॉरिशसचे सुटे रुपये असू द्या. रांगेत मोठी नोट काढली की मागचे खोळंबतात.

मागताना होणारा घोळ

डोलपुरी जोडीनेच मिळते. "एन पेर" म्हणजे एक जोडी. दोन पुऱ्या हव्यात म्हणून "दोन" सांगितलंत तर चार हातात पडतील. पाटीवर नुसतं 'रोटी' लिहिलेलं असेल तर ती साधी पोळी, तिच्यात डाळ नसते. 'फराटा' म्हणजे आपला पराठा. तोही चांगला लागतो, पण तुम्ही ज्यासाठी आलात तो पदार्थ हा नव्हे. म्हणून "डोलपुरी" हे नाव स्पष्ट उच्चारा.

आता तिखटाचं. "पिमा?" असं विचारतील. आपण कोल्हापूरचे, आपल्याला काय होतंय, या भरवशावर मान डोलावू नका. तिथली वाटलेली हिरवी मिरची जिभेला जबर चटका देते आणि मग डाळीची चव कळतच नाही. "एन तिगित" म्हणजे थोडीशी, "सान पिमा" म्हणजे मिरचीशिवाय. पहिली जोडी थोड्या मिरचीची घ्या, दुसरीला हवी तेवढी वाढवा.

शाकाहारींनी निर्धास्त खावी. आत पिवळ्या वाटाण्याची डाळ, हळद, भाजलेलं जिरं. वर 'ग्रो प्वा', म्हणजे डबल बीसारख्या मोठ्या पांढऱ्या वालांची आमटी, 'रुगाय', म्हणजे टोमॅटोचा रस्सा, आणि कोथिंबिरीची 'सातिनी', म्हणजे चटणी. फराट्याबरोबर मात्र कोंबडीचा रस्सा असू शकतो, तिथे विचारून घ्या.

पुरणपोळीशी तुलना

ही चूक आपणच करतो. पहिल्या घासाला गूळ शोधतो आणि हिरमुसतो. डोलपुरी गोड नाही. तिचं मूळ भोजपुरी मुलखातल्या दालपुरीत आहे. 1834 पासून मळ्यांवर राबायला नेलेल्या मजुरांबरोबर ती तिथे पोचली. त्या मजुरांत बिहारचे लोक होते, तसे आपल्या रत्नागिरीकडचेही. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे ही माणसं बोटीतून उतरली, तो बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आधी घाट पाहा, मग पुरी खा. त्या पायऱ्यांवर थोडा वेळ उभं राहिल्यावर हातातल्या कागदाच्या पुडीचं मोल वेगळंच वाटतं.

पुरणपोळी करणाऱ्या हाताला त्यातली करामत लगेच समजते. डाळ बोटाने दाबली की फुटेल इतपतच शिजवायची, गाळ करायची नाही. निथळून कोरडी दळायची आणि ते पिवळं पाणी कणीक भिजवायला वापरायचं. दुसऱ्या खेपेला मी गाडीजवळ उभी राहून नीट पाहिलं. बाईंनी कापड बाजूला सारून दोन पुऱ्या उचलल्या, कागदावर एकीवर एक जराशी सरकवून ठेवल्या, तीन चमच्यांनी तीन रेघा ओढल्या आणि गुंडाळी केली. पुरी इतकी पातळ की कागदाचा पांढरा रंग आतून दिसत होता, तरी कुठे फाटलेली नव्हती.

ती गुंडाळी उघडून तुकडे मोडत बसू नका, आमटी मनगटापर्यंत ओघळते. कागद खाली सरकवत वरून खायची, उभ्याउभ्या, गरम असतानाच.

आणि बांधून न्यायचीच असेल तर आमटी, चटणी वेगळी बांधून मागा. पुरी थंड झाली की कडक होते आणि मोडते. मायक्रोवेव्हमध्ये ती चामड्यासारखी होते. हॉटेलच्या खोलीत शेगडी असेल तर पाण्याचा हबका मारून कोरड्या तव्यावर अर्धा मिनिट टाका, झाकण ठेवा. शेगडी नसेल तर बांधून घेऊच नका, तिथेच आणखी एक जोडी खा.