चळवळीच्या कामाला लागण्याआधी

हिशेब, मार्केटिंग, कायदा, खरेदी, मनुष्यबळ यांपैकी काहीतरी तुम्ही रोज पोटापाण्यासाठी करता आणि तेच कौशल्य एखाद्या पुरोगामी चळवळीला द्यावं असं मनात आहे. जरूर द्या. घोषणा द्यायला माणसं मिळतात. पावत्या जुळवून महिनाअखेरीस जमाखर्च चोख ठेवणारं माणूस शोधावं लागतं.

आधी नोकरीचा करार काढून वाचा. बाहेरचं काम, हितसंबंधांचा संघर्ष आणि राजकीय सहभाग याबद्दल त्यात काय लिहिलंय ते पाहा. सरकारी नोकरीत हे नियम बहुधा आणखी कडक असतात. ऑफिसचा लॅपटॉप, ईमेल आणि सॉफ्टवेअर या कामाला वापरू नका. ग्राहकांची यादी तर कधीच नको. ती माणसं तुमच्या कंपनीकडे आलेली असतात, चळवळीकडे नाही.

मग निवडणूक कायदा. मदत उमेदवाराला किंवा पक्षाला होणार असेल तर फुकट दिलेली सेवाही देणगी ठरू शकते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात स्वतःच्या वेळात, मोबदल्याशिवाय केलेलं काम देणगी धरत नाहीत. पण त्याच तासांचा पगार मालक देत असेल तर सहसा ते देणगीत मोजलं जातं. प्रत्येक देशाचा नियम वेगळा, म्हणून काम सुरू करण्याआधीच जाणकाराला विचारा.

आता स्वतःकडे पाहा. पदनाम बाजूला ठेवा आणि हाताला नेमकं काय येतं ते लिहून काढा. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध झालेला बस बहिष्कार मला इथे फार मोलाचा वाटतो. ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस तिथल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी शहरबस वापरली नाही. एवढे दिवस हजारो माणसांना कामावर पोचवायचं आणि परत आणायचं म्हणजे एक समांतर वाहतूक यंत्रणाच उभी करायची होती. सुमारे ३०० गाड्या आल्या, थांबे ठरले. शहराची गल्लीन्‌गल्ली ठाऊक असलेल्या टपाल कर्मचाऱ्यांनी मार्ग आखायला मदत केली. पुढे विमा कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले, तेव्हा अटलांटाचे विमा व्यावसायिक टी. एम. अलेक्झांडर यांनी लॉइड्स ऑफ लंडन या लंडनच्या विमा बाजारामार्फत विमा मिळवून दिला. विम्यावाचून त्या गाड्या रस्त्यावर टिकल्या नसत्या. भाषणं आपल्याला पाठ असतात. विम्याचे कागद कोणी केले हे क्वचितच सांगितलं जातं. तुमच्या यादीत असंच काहीतरी असेल. परवाने काढणं, पुरवठादाराशी भाव ठरवणं, हजार माणसांच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहांची सोय लावणं, असं काहीही.

मार्केटिंगवाल्यांनी आणखी एक तयारी करावी. १७८७ मध्ये जोसाया वेजवुड या इंग्लंडमधल्या कुंभकाम उद्योजकाने गुलामीविरोधी पदक बनवलं. ते इतकं लोकप्रिय झालं की लोक दागिन्यांतही ते जडवून घेऊ लागले. प्रचार म्हणून ते अव्वल होतं, पण त्यातला गुलाम माणूस गुडघे टेकून विनवणी करतो. ज्यांच्यासाठी मोहीम आहे, ते तसे दिसावेत का, हे त्यांनीच ठरवायला हवं. म्हणून मजकूर किंवा चित्र बाहेर जाण्याआधी त्यांना दाखवायची वेळ वेळापत्रकात धरून ठेवा आणि त्यांचा नकार अंतिम माना.

पहिल्या भेटीला सादरीकरण नेऊ नका, वही न्या. काय अडलंय, पैसा कुठे गळतो, कोणतं काम एकाच कार्यकर्त्याच्या खांद्यावर आहे, ते विचारा. आठवड्याचे किती तास देणार ते खरं सांगा. दोन सांगून दोन दिलेत तर लोक तुमच्यावर काम सोपवतील.

देणगीदारांची आणि सदस्यांची माहिती हातात येणार असेल तर ती कोण पाहू शकतं हे आधीच ठरवा. ज्या चळवळींवर पाळत असते, तिथे फुटलेल्या यादीपायी एखाद्याची नोकरी किंवा सुरक्षितता जाऊ शकते. शक्य तेवढी कमी माहिती गोळा करा आणि गरज संपली की पुसून टाका.

बँक खात्यावर दोन सह्या हव्यात, आणि त्यांतली एक तुमची नसेल तर उत्तम. पासवर्ड, पुरवठादारांचे नंबर, दर महिन्याला करायची कामं हे सगळं साध्या भाषेत लिहून ठेवा, आणि पहिल्याच महिन्यापासून एका तरुण कार्यकर्त्याला शेजारी बसवून हिशेब त्याच्या हातून लिहून घ्या.