जुनी एस क्लास बघायला जाताय? आधी पिढी ओळखा, मग हात लावा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतोच, भावा पुण्यात मर्सिडीजची एक एस क्लास मिळतीय, नव्या हॅचबॅकच्या पैशात देतोय म्हणतोय, येतोस का बघायला. मी काय मर्सिडीजचा मेकॅनिक नाही, कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं लेथचं काम आहे, पण या गाडीचा नाद शाळेपासनं आहे आणि मित्रांबरोबर अशा बऱ्याच गाड्यांखाली आडवा होऊन झालंय. मी पहिला प्रश्न एकच विचारतो, कुठली पिढी? आणि उत्तर येतं "काळी आहे, सनरूफ आहे, सिंगल ओनर आहे". याचा काय उपयोग नाही. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

या गाडीचं एक आहे, कंपनीला जगात पहिल्यांदा जे काय नवीन करायचं असतंय ते बहुतेक वेळा आधी एस क्लासमध्ये येतंय. आणि वीस वर्षांनी नेमकं तेच खर्चात घालतंय. इंजिन बिचारं चांगलं असतंय, गिअरबॉक्स पण चालतोय, पण त्या पिढीत जे नवं होतं ते म्हातारं झालेलं असतंय. म्हणजे पिढी कळली की हात कुठं लावायचा ते कळलं.

पिढी ओळखायला डिकीवरचं नाव बघू नका. ती अक्षरं कुठंपण मिळतात आणि लोक बिनधास्त बदलतात, ३२० ला ५०० लावून फिरणारे मी बघितलेत. चासी नंबर बघा. बाहेरनं आलेल्या जुन्या गाड्यांचा नंबर डब्ल्यूडीबीनं सुरू होतो आणि त्याच्या पुढचे तीन आकडे म्हणजे गाडीची पिढी, १२६ असेल तर १२६, १४० असेल तर १४०, २२० असेल तर २२०. आरसीवरचा नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर दोन्ही स्वतः वाचा, फोटोवर विश्वास ठेवू नका. अजून एक सोपी खूण, १९९३ च्या मध्यापर्यंत नावात आकडा आधी यायचा, ३०० एसई, ५०० एसईएल असं, त्यानंतर एस पुढं आला, एस ३२०, एस ५००.

आता एकेक पिढी.

मोठ्या मर्सिडीज आधीपासनं होत्याच पण एस क्लास हे नाव अधिकृत लागलं १९७२ ला, ती ११६. रुंद पसरलेली गाडी, आडवे हेडलाईट, आणि मागचे लाईट खाचाखाचांचे. ती खाच नुसती दिसायला नाही, चिखल उडाला तरी खाचेच्या आतला भाग स्वच्छ राहतो आणि मागच्याला ब्रेकलाईट दिसतो. आपल्याकडं ऊसाच्या सिझनमध्ये ट्रॅक्टरच्या मागनं पावसात गाडी चालवली की त्या खाचेची किंमत कळती. याच गाडीत १९७८ ला बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस आलं, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारं यंत्र, आणि याच गाडीत १९७५ ला ४५० एसईएल ६.९ आली, ६.९ लिटरचा व्ही एट म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन आणि स्टीलच्या स्प्रिंगच्या जागी तेल-गॅसचं सस्पेन्शन. ११६ मिळाली तर फक्त पत्रा बघा, बाकीचं नंतर. खालनं सडलेली असेल तर कितीपण स्वस्त असू दे, सोडून द्या.

मग १२६, १९७९ ते १९९१, सेडान ८ लाखांवर बनल्या. माझी सगळ्यात लाडकी हीच. मर्सिडीजच्या डिझाईनचा प्रमुख ब्रुनो सॅक्कोच्या हाताखाली झालेलं डिझाईन, पेट्रोल महाग झालेल्या काळात आखलेली म्हणून अंग हलकं, हवा कापणारं, दाराच्या खालच्या भागाला प्लास्टिकच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांवर रेघा असतील तर १९८५ च्या आधीची, गुळगुळीत असतील तर नंतरची. १९८१ ला ड्रायव्हरची एअरबॅग आणि धडकेत पट्टा आवळणारं यंत्र हिच्यातच आलं. हिच्यात बघायचं काय तर त्या प्लास्टिकच्या पट्टीच्या मागं, जॅक लावायच्या जागी आणि मागच्या काचेच्या खालच्या कडेला गंज. पट्टीमुळं पत्रा दिसत नाही आणि आत पावसाचं पाणी साचून राहतंय, आपल्याकडं चार महिने पाऊस, त्यामुळं टॉर्च घेऊन जा. दुसरं म्हणजे पेट्रोलच्या रबरी होज. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतंय, आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या ऊसाचंपण असेल त्यात, पण चाळीस वर्षांच्या रबराला ते मानवत नाही, होज फुगती आणि भेगा पडतात. बॉनेट उघडून होज बोटानं दाबून बघा, लिबलिबीत किंवा तडकलेली असेल तर सगळ्या बदलायच्या हे धरूनच भाव करा, त्या मिळतात, मोठी गोष्ट नाही. ही पिढी अशी आहे की आपल्याकडचा चांगला मिस्त्री पाना घेऊन तिला चालती ठेवू शकतो, कॉम्प्युटरवाचून.

१९९१ ला आली १४०. ही गाडी म्हणजे इंजिनिअरना सांगितलेलं दिसतंय की खर्च बघू नका. दाराच्या काचा दुहेरी, दोन काचांच्या मध्ये हवेचा थर, आत बसलं की बाहेरचा हॉर्न लांबच्या गल्लीतनं आल्यासारखा वाटतो. दार नुसतं टेकवायचं, शेवटचं बोटभर अंतर ते स्वतः ओढून घेतंय. सहा लिटरचा व्ही १२ पहिल्यांदा हिच्यात. रिव्हर्स टाकला की सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या मडगार्डमधनं दोन बारीक दांड्या वर यायच्या, गाडी कुठं संपती ते ड्रायव्हरला कळावं म्हणून. आणि १९९५ ला घसरणारी गाडी सावरणारं ईएसपी याच घराण्यात पहिल्यांदा आलं. ६०० चं वजन दोन टनाच्या वर. जर्मनीत सिल्ट बेटावर गाड्या वाहून नेणाऱ्या रेल्वेत ही मावत नव्हती, यावरनं तिकडं लई टीका झाली.

आता १४० ची दुखणी नीट ऐका कारण हिच्यात लोक सगळ्यात जास्त फसतात. १९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात इंजिनच्या वायरिंगला जे वरचं कव्हर वापरलं ते पर्यावरणाला बरं म्हणून लवकर विघटन होणारं होतं. ते इंजिनच्या उष्णतेनं वाळलं. मी एका गाडीत इंजिनजवळची एक वायर दोन बोटात धरून जरा वाकवली तर वरचं कव्हर भाजलेल्या पापडासारखं चुरून खाली पडलं, आतली तांब्याची तार उघडी, शेजारच्या वायरचं पण तेच. इंजिन तोपर्यंत झक्कास चालू होतं. म्हणून १९९३, ९४, ९५ ची गाडी असेल तर पहिली वायर वाकवून बघा, आणि मालक म्हणाला वायरिंग बदललंय तर बिल मागा. नंतर एसी चालू करून अर्धा तास बसा, कारण हिचा कूलिंग कॉइल लीक झाला तर अख्खा डॅशबोर्ड खाली उतरवावा लागतो, पार्ट स्वस्त आणि मजुरी महाग असला प्रकार. काचेच्या मध्ये धुकं दिसलं तर ती काच गेली, साफ होत नाही. दार ओढून घेतंय का चारी बाजूंनी बघा.

२२० म्हणजे १९९८ ते २००५. बारीक, देखणी, १४० पेक्षा बरीच हलकी आणि आज सगळ्यात स्वस्त मिळणारी. स्वस्त का ते सांगतो. हिच्यात बहुतेक गाड्यांना हवेचं सस्पेन्शन आलं, एअरमॅटिक, म्हणजे लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचे फुगे आणि त्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर. पुढच्या गाडीचं अंतर बघून वेग धरणारं रडारपण हिच्यातच आलं, आणि २००२ ला धडक व्हायच्या आधीच पट्टे आवळून ठेवणारं प्री सेफ. पण आपल्या खिशाला भिडतो तो फुगा.

आमच्या एका मित्रानं अशी गाडी संध्याकाळी पुण्यात बघितली, एजंटनं आधीच चालू करून ठेवलेली, मस्त उंच उभी. पैसे दिले, रात्री सातारा-कराड करत घरी आला, राजारामपुरीत दारात लावली. सकाळी बघतोय तर पुढचा उजवा कोपरा बसलेला, टायर मडगार्डच्या आत गेलेला, गाडी गुडघा टेकलेल्या बैलासारखी. मी गेलो, साबणाचं पाणी बाटलीत घेऊन फुग्याच्या वरच्या जोडावर आणि रबराच्या घडीवर मारलं, घडीतनं बारीक बारीक बुडबुडे सतत. फुगा लीक होता म्हणून कॉम्प्रेसर सारखा चालत होता, म्हणून महिन्याभरात तो पण जळला. एक रात्र थांबून बघितलं असतं तर दोन्ही खर्च किमतीतनं कापून घेता आले असते. महिनाभर उभी असलेली गाडी चारी बाजूंनी थोडी बसली तर चालतंय, एक कोपरा एका रात्रीत बसला तर ते लीकेजच.

दुसरं, या पिढीला गंज लवकर धरतो. चाकाच्या कमानी, दाराच्या रबराच्या खाली, डिकीच्या कुलपाच्या आजूबाजूला. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक कमानीवरनं फिरवा, जिथं पकडत नाही तिथं लांबी म्हणजे पुट्टी भरलेली आहे.

२२१, २००५ ते २०१३, चाकांवरच्या फुगलेल्या कमानी बघितल्या की लगेच कळती. गंजाचं बरंच सुधारलं. हवेचं सस्पेन्शन आहेच, वरच्या मॉडेलला तेलावर चालणारं एबीसी नावाचं सस्पेन्शन, त्याचा पंप आणि पाईप म्हणजे वेगळाच खर्च. सुरुवातीच्या पेट्रोल व्ही ६ आणि व्ही ८ मध्ये टायमिंगच्या साखळीच्या बाजूची एक गिअर लवकर झिजते, ती बदलायला इंजिन काढावं लागतंय, त्यामुळं चांगला स्कॅनर लावल्याशिवाय २००५-०६ चं पेट्रोल घेऊ नका. या पिढीत माझा कौल डिझेलला. २००९ ला हायब्रिड आली, लिथियम बॅटरीची, ती आता जुन्यात नकोच.

२२२ (२०१३ ते २०२०) आणि आताची २२३ यांच्याबद्दल थोडक्यात, कारण अजून बऱ्याच गाड्या पहिल्या मालकाकडंच आहेत. २२२ मध्ये एक पण साधा बल्ब नाही, सगळं एलईडी. बाहेरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळं चुंबक घरी ठेवा आणि पेंटची जाडी मोजायचं मीटर न्या, आणि ठोकलेली असेल तर अ‍ॅल्युमिनियमचं काम गल्लीत होत नाही हे ध्यानात ठेवा. चाकणला जुळवलेली गाडी, आणि २०१८ ला बीएस सिक्स डिझेल हिच्यात आलं, सक्तीच्या दोन वर्षं आधी. २२३ चे दाराचे हँडल पत्र्यात बसलेले आणि मागची चाकंपण वळतात, काही गाड्यांत १० अंशापर्यंत. महाद्वार रोडला असली गाडी वळवून दाखवली पाहिजे एकदा कुणीतरी.

मेबॅकचं नाव इथं घेतलंच पाहिजे. दसऱ्याला दसरा चौकात सीमोल्लंघनाला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येती तेव्हा आपण सगळे पोरं खांद्यावर घेऊन उभं राहतो. त्याच नावाची सगळ्यात लांब एस क्लास २०१५ पासनं येती. आणि मर्सिडीज नावाची पहिली गाडी १९०१ च्या सुमाराला ज्यानं केली तो विल्हेल्म मायबाखच, त्याच्याच मुलानं पुढं मेबॅक गाड्या बनवल्या.

घ्यायच्या आधी अजून एक हिशोब करा. उद्यमनगरात काय होतंय आणि काय होत नाही. बुश, पिन, ब्रॅकेट, तुटलेलं कास्टिंग, सायलेन्सरचं वेल्डिंग हे सगळं आपली माणसं मूळच्यापेक्षा दणकट करून देतील. रबराचा फुगा, कंट्रोल युनिट, सेन्सर हे होत नाही, ते मागवावंच लागतंय. म्हणून १२६ कोल्हापुरात ठेवणं सोपं आणि २२० अवघड, गाडी नवी असली तरी.

कागदपत्रं. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढतंय, वर पर्यावरण कर. मुदत संपलेली गाडी "आरटीओचं मी बघतो" म्हणून कुणी देत असेल तर आधी त्याला नूतनीकरण करून आणायला सांगा. बाहेरच्या राज्यातली असेल तर एनओसी आणि रोड टॅक्स धरून एमएच ०९ ला, म्हणजे कोल्हापूर पासिंगला, किती पडती ते काढा. बँकेचा बोजा उतरलाय का बघा. ५० वर्षांच्या वरच्या, मोडतोड न केलेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळती, व्हीए सिरीजचा नंबर, म्हणजे सुरुवातीच्या ११६ आता त्यात बसतात.

आणि बघायला जायचं कसं, तर मुक्कामाच्या तयारीनं. मालकाला आदल्या दिवशी सांगा की गाडी चालू करू नका. इंजिनवर हात ठेवा, गार आहे ना बघा, मग स्वतः चालू करा आणि पहिल्या दहा सेकंदात साखळीचा आवाज येतो का कान देऊन ऐका. खराब रस्त्यावर न्या, गुळगुळीत हायवेवर सगळ्याच एस क्लास चांगल्या चालतात. संध्याकाळी सपाट जागेवर लावा, टायर आणि मडगार्डच्या मध्ये चारी चाकांना बोटं घालून अंतर बघा, मोबाईलमध्ये फोटो काढा, किल्ली तुमच्याकडं ठेवा. सकाळी मालक उठायच्या आत परत तिथं जा आणि तीच बोटं परत घाला. तेवढंच अंतर असेल तर मग चहा मागवा आणि किमतीवर बसा.